मुलाचा पत्ता कोणता? घटस्फोटानंतर दोन शहरांत राहणाऱ्या आईवडिलांसाठी

मार्च २०२२ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयातून माझी फाइल मला परत मिळाली. निकाल लागला नव्हता, नुसती फाइल परत आली होती. चौदा महिने पेश्या, म्हणजे सुनावण्या, झाल्या आणि शेवटी आदेश आला की मुलगा बडोद्याला राहतो, तिथल्या शाळेत जातो, तेव्हा हा अर्ज ऐकण्याचा अधिकार या कोर्टाला नाही, तो तिकडच्या कोर्टात लावावा. त्या चौदा महिन्यांत मुलाचं हित कशात आहे, माझी मिळकत किती, त्याच्या आईच्या नोकरीच्या वेळा काय, यांतल्या कशावरही एक शब्द बोलला गेला नाही. सगळा वेळ एकाच प्रश्नात गेला: मूल राहतं कुठं?

मी वकील नाही. इंदूरच्या महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटात हिशेब लिहितो, राहतो रामबागेत. पण या एका प्रश्नापायी मी जे कागद वाचले आणि ज्या खिडक्यांवर उभा राहिलो, त्यातून कळलेलं लिहून ठेवतो आहे. आपल्या माणसांत आता हे प्रसंग येतात. एक जण इंदूरला, दुसरं पुण्याला, बडोद्याला नाहीतर ग्वाल्हेरला, आणि मधे एक दप्तर. तुमची फाइल माझ्यासारखी चुकीच्या दारात पडून राहू नये, एवढ्यासाठी हे.

आधी आमची हकीकत थोडक्यात. २०१८ मध्ये आमचा घटस्फोट परस्पर संमतीनं झाला, इंदूरच्याच कोर्टात. मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. करारात त्याच्याबद्दल एकच ओळ होती: ‘अवयस्क पुत्र माता के साथ रहेगा, पिता को मिलने का अधिकार रहेगा.’ कुठं राहील, कधी भेटायचं, आई दुसऱ्या शहरात गेली तर काय, याबद्दल काही नाही. २०१९ च्या जूनमध्ये त्याची आई बडोद्याला गेली. दांडिया बाजारात तिचं माहेर आहे, तिथंच तिला शाळेत नोकरी मिळाली. मी नाही म्हटलं नव्हतं. मग २०२० साल आलं, गाड्या बंद झाल्या, मुलगा महिनोन्‌महिने फक्त फोनच्या पडद्यावर दिसला. मी घाबरलो, आणि जानेवारी २०२१ मध्ये ताब्याचा अर्ज इंदूरला लावला. लग्न इंदूरचं, घटस्फोट इंदूरचा, मुलाचा जन्म इंदूरचा, तेव्हा कोर्टही इंदूरचंच असणार, असं मला वाटलं. ज्यांनी अर्ज लिहून दिला त्यांनाही तसंच वाटलं.

कायदा काय विचारतो

पालक व पाल्य अधिनियम १८९० सालचा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या मुलांना लागू होतो. इंदूरच्या कागदांवर तो ‘संरक्षक और प्रतिपाल्य अधिनियम’ या नावानं येतो. त्याचं कलम ९ सांगतं की मुलाच्या पालकत्वाचा अर्ज, मूल जिथं सामान्यपणे राहतं तिथल्या न्यायालयात करायचा. त्यात जन्म कुठं झाला हे विचारलेलं नाही. वडिलांचं घर, लग्न, मुलाच्या नावावरचं खातं, यांचाही उल्लेख नाही. मुलाच्या मालमत्तेचा अर्ज असेल तर मालमत्ता जिथं आहे तिथं जाता येतं, पण मुलासाठी मूल जिथं तिथंच जावं लागतं.

‘सामान्यपणे राहतं’ म्हणजे किती दिवस? हे कायद्यात लिहिलेलं नाही. माझी चुलतबहीण अमेरिकेत असते. तिनं फोनवर ठामपणे सांगितलं की सहा महिने झाले की ते मुलाचं राज्य होतं. तिकडच्या राज्यांच्या कायद्यात सलग सहा महिन्यांची मोजणी आहे हे खरं, पण आपल्याकडे तशी मोजणी नाही. तो नियम इकडे आणून हिशेब मांडू नका. मी मांडला होता आणि उगाचच धीर धरून बसलो होतो.

आपल्याकडे न्यायालय सगळी परिस्थिती बघतं. रुची माजू विरुद्ध संजीव माजू या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की मूल सामान्यपणे कुठं राहतं हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्यात तिथं राहण्याचा इरादाही बघावा लागतो. कुटुंब अमेरिकेतलं, आई मुलाला घेऊन दिल्लीला आलेली, मूल दिल्लीच्या शाळेत रुळलेलं. दिल्लीच्या कोर्टाला अधिकार आहे असं ठरलं. मूल तिथं राहायला वडिलांची संमती होती का, हे ठरवताना न्यायालयानं त्यांच्या ई-मेलही वाचल्या. हे मला फार उशिरा वाचायला मिळालं, कारण माझ्या प्रकरणातही तसंच झालं. जून २०१९ मध्ये मी व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘शाळा चांगली दिसते, घाल त्याला तिथंच.’ तो संदेश पुढं फाइलला लागला. लिहिलं ते मनापासूनच होतं. पण लिहिताना मी मुलाच्या पत्त्यावर सही करतो आहे, हे मला कळलं नव्हतं.

म्हणून सगळ्यात आधी हे करा. कोर्टाचं नाव काढण्यापूर्वी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर मुलाचे मागचे दोन वर्षांचे महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढं लिहा: रात्री कुठं झोपला, कोणत्या शाळेत गेला, ताप आला तेव्हा कोणत्या डॉक्टरांकडे नेलं. आपल्याला काय हवं ते मनातून काढून हा कागद भरायचा. मी तो भरला तेव्हा चोवीसपैकी बावीस महिन्यांपुढं बडोदा आलं. तो कागद अर्जाच्या आधी भरला असता तर माझे चौदा महिने वाचले असते.

कोणता पुरावा टिकतो

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ च्या कलम १४ मुळे या कोर्टांना पुराव्याच्या काटेकोर नियमांत अडकावं लागत नाही. वाद सोडवायला उपयोगी पडेल असा कोणताही कागद ते बघू शकतात. त्यामुळे घरातल्या साध्या कागदांनाही इथं किंमत आहे.

शाळेचं बोनाफाइड आणि हजेरी सगळ्यात पक्की. त्याखालोखाल स्कूलबसच्या महिन्याच्या पावत्या, कारण त्यांवर घराजवळचा थांबा लिहिलेला असतो. बालरोगतज्ज्ञांची फाइल, लसीकरणाचं कार्ड, शिकवणीच्या पावत्या, घराचा भाडेकरार किंवा सोसायटीची पावती. या सगळ्यांतून एकच गोष्ट दिसली पाहिजे: मुलाचा रोजचा दिवस कुठं उगवतो.

आधारवर भिस्त ठेवू नका. आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असं त्याच्याच कायद्यात, २०१६ च्या अधिनियमाच्या कलम ९ मध्ये लिहिलं आहे. जन्मदाखला जन्माचं गाव सांगतो, राहण्याचं नाही. आणि आम्हा मध्य प्रदेशवाल्यांचं समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंबनोंदणीचा क्रमांक. आठ आकडी परिवार आयडी माझ्या नावावर, त्यात मुलाचा नऊ आकडी सदस्य आयडी. मी तो मोठ्या विश्वासानं पुढं केला होता. समोरच्या वकिलांनी विचारलं, हा कधी बनला? घटस्फोटाच्या कितीतरी आधी. मुलगा राज्य सोडून गेला तरी कुणी तो काढला नव्हता, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

एक गोष्ट भाषेची. बडोद्याचे कागद गुजरातीत येतात, पुण्याचे मराठीत. मराठी देवनागरीतच आहे, वाचतील, असं धरून चालू नका. इंदूरच्या कोर्टाचं काम हिंदीत चालतं. प्रत्येक कागदाला हिंदी भाषांतर जोडा आणि ते पहिल्या पेशीलाच द्या, नाहीतर त्याच्यासाठी वेगळी तारीख पडते. इंदूरबाहेरच्या मराठी नातेवाइकांसाठी अजून एक: इथल्या कोर्टात ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड. माझ्या पुण्याच्या काकांना मी फोनवर ‘राजीनामा झाला’ असं सांगितलं, तर त्यांना मी नोकरी सोडली असं वाटलं आणि त्या रात्री ते झोपले नाहीत.

जे करू नये

२०२१ च्या दिवाळीत मुलगा इंदूरला आला होता. गुजरात बोर्डाच्या शाळांना दिवाळीची सुट्टी तीन आठवड्यांची असते, तेवढे दिवस तो माझ्याकडे होता. आमच्याच नात्यातल्या एका मोठ्या माणसानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता परत पाठवू नकोस. इथंच शाळेत नाव घाल. चार महिने गेले की इंदूर हाच त्याचा पत्ता.’

दोन दिवस तो विचार माझ्या डोक्यात होता, हे मी कबूल करतो. तिसऱ्या दिवशी मुलानं स्वतः दप्तर उघडलं आणि सुट्टीचा गृहपाठ किती राहिलाय ते मला दाखवलं. बाईंना सोमवारी द्यायचाय म्हणाला. मी त्याला रविवारच्या रात्रीच्या गाडीनं नेऊन सोडलं.

सुट्टीत आलेलं मूल अडकवून ठेवल्यानं त्याचं राहण्याचं ठिकाण बदलत नाही. एकानं परस्पर उचलून आणलेल्या मुलाचं नवं गाव न्यायालयं साधारणपणे मान्य करत नाहीत. उलट त्या माणसाच्या हेतूवर कायमचा डाग पडतो, आणि पुढं प्रत्येक भेटीच्या अर्जात तो काढला जातो. हे आईला लागू आहे, बापालाही लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, सोमवारी गृहपाठ द्यायचा असलेल्या मुलाचं काय?

योग्य दार कोणतं

माझी मोठी चूक मला दुसऱ्या वकीलबाईंनी दाखवली. फाइल परत आल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी २०१८ ची डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, मागितली, वाचली आणि विचारलं, ‘तुम्ही नवा अर्ज लावलातच कशाला?’

हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २६ प्रमाणे, घटस्फोटाच्या प्रकरणात ते न्यायालय मुलाचा ताबा, पालनपोषण, शिक्षण यांबद्दल आदेश देऊ शकतं. डिक्रीनंतरही, त्यासाठी अर्ज केला तर ते नवा आदेश देऊ शकतं, जुना बदलू शकतं, रद्द करू शकतं. म्हणजे ज्या कोर्टानं आमचा घटस्फोट केला, त्याच कोर्टात त्याच डिक्रीतली ती एक ओळ दुरुस्त करून मागता आली असती. मी मात्र १८९० च्या कायद्याखाली वेगळा अर्ज लावला, आणि तो मूल राहतं तिथंच लागतो.

म्हणून क्रम असा ठेवा. डिक्रीची प्रमाणित नकल आधी काढा. त्यात मुलाबद्दल काय लिहिलंय ते बघा. हिंदू विवाह कायद्याखालची डिक्री असेल आणि तिच्यातली अट बदलायची असेल, तर कलम २६ चा विचार त्याच कोर्टात करा. डिक्री नसेल, किंवा पालकत्वच वेगळं मागायचं असेल, तर मूल जिथं राहतं तिथं जा, प्रवास पडला तरी. प्रकरण एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या कोर्टात हलवायचं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सर्वोच्च न्यायालयात जावं लागतं, तेव्हा सुरुवातीलाच योग्य जागी लावलेलं बरं. आणि दोघांनी सही करून ‘आमचा वाद इंदूरलाच चालेल’ असं लिहिलं तरी ज्या कोर्टाला मुळात अधिकार नाही त्याला तो तुमच्या सहीनं मिळत नाही.

कोणत्याही दारानं जा, पहिल्याच दिवशी मुख्य अर्जाबरोबर तात्पुरत्या भेटीचा अर्ज लावा. मुख्य प्रकरण चालेल तसं चालेल, तोवर महिन्यातले दोन दिवस तरी मूल भेटलं पाहिजे. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही त्यांनी जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना आणि मुलांना मिळकत न बघता मोफत वकील मिळतो.

मूल कुणाकडे राहावं हा प्रश्न यानंतरचा. त्यावर इथं फार लिहीत नाही. हिंदूंसाठीच्या १९५६ च्या पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं म्हटलं आहे, आणि सगळ्यांच्या वर मुलाचं हित. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याची इच्छाही विचारात घेता येते.

सायकल कुठं आहे

कलम २६ चा अर्ज लावल्यावर कोर्टानं आम्हाला समुपदेशनाला पाठवलं. उन्हाळ्याची सुट्टी होती, मुलगा इंदूरला होता. समुपदेशक बाई वयस्क होत्या. लहानशी खोली, पंखा जोरात फिरत होता, टेबलावरचे कागद काचेच्या गोळ्यांखाली दाबलेले. मुलाला कुणाकडे राहायचंय हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, ‘बेटा, तेरी साइकिल कहाँ रहती है?’

तो म्हणाला, बडोद्याला, जिन्याखाली. मग माझ्याकडे बघून त्यानं मराठीत पुढं सांगितलं, ‘इथली छोटी झाली ना, बाबा.’

इथली सायकल मी तेल घालून, पुसून, गच्चीच्या दाराशी ठेवली होती. तिच्यावर बसला तर त्याचे गुडघे हँडलला लागत होते. मी ती रोज बघत होतो, पण ते मला दिसलं नव्हतं. त्या दिवशी खोलीतून बाहेर आल्यावर मी वकीलबाईंना सांगितलं की राहण्याचं ठिकाण बडोदा लिहा, त्यावर मी आता भांडणार नाही. बाकीचं मात्र नीट, तपशीलवार लिहू.

करारात काय लिहायचं

हे सगळ्यात महत्त्वाचं. ‘आईकडे राहील’ एवढ्यानं काही होत नाही. नोटरीकडे केलेला खाजगी करारही पुरेसा नाही, कारण मुलाच्या बाबतीत तो कोर्टावर बंधनकारक नसतो. मजकूर कोर्टासमोर ठेवून आदेशात घालून घ्या. आमच्या २०२३ च्या तडजोडीतला मजकूर मराठीत साधारण असा:

‘मुलाचं राहण्याचं मुख्य ठिकाण बडोदा, आईचं सध्याचं घर, हे राहील. शाळा, डॉक्टर आणि सरकारी कागदांसाठी हाच पत्ता धरला जाईल. सुट्टीतलं इंदूरचं वास्तव्य कितीही दिवसांचं असलं तरी त्यामुळे हे ठिकाण बदललं असं मानलं जाणार नाही. आईला बडोदा शहराबाहेर मुलासह राहायला जायचं असेल तर ती वडिलांना किमान ९० दिवस आधी लेखी कळवेल. वडिलांची हरकत असेल तर न्यायालयाचा आदेश होईपर्यंत मुलाची शाळा बदलली जाणार नाही. परदेश प्रवासाला दोघांची लेखी संमती लागेल.’

यातलं तिसरं वाक्य तुमच्या वकिलांनी घातलं नाही तर मागून घ्या. त्या वाक्यामुळे त्याची आई सुट्टीत त्याला बिनधास्त पाठवते. पूर्वी ती प्रत्येक वेळी घाबरायची, आणि तिनं घाबरावं असंच आमच्या नातेवाइकांचं बोलणं होतं.

भेटींचं वेळापत्रक मुलाच्या आवडीवर बेतलेलं आहे. नवरात्रात तो बडोद्यालाच असतो, कारण गरब्यात त्याचे मित्र असतात. मी त्यात दहा दिवस मागत नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, इंदूरची, ती माझ्याकडे. दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी. लक्ष्मीपूजन एका वर्षी तिकडे, एका वर्षी इकडे. उन्हाळ्यात सलग चार आठवडे इंदूरला. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार मी बडोद्याला जातो. अवंतिका एक्स्प्रेस मध्यरात्री तिथं पोहोचवते, सकाळी आम्ही सयाजीबागेत जातो. दर बुधवारी आणि रविवारी रात्री आठ वाजता व्हिडिओ कॉल. यशिता साहू प्रकरणात, २०२० साली, सर्वोच्च न्यायालयानं फोनवरच्या अशा संपर्काचाही हक्क मुलाच्या बाजूनं मांडला आहे. तेव्हा ही ओळ मागायला संकोच करू नका. गाडी कुणी आणायची, तिकिटाचा खर्च कुणाचा, हेही लिहा. आमचे सगळ्यात कडू फोन तिकिटांवरून झाले होते.

खर्चाची जबाबदारी पत्त्याबरोबर जात नाही. मूल आईच्या पत्त्यावर असलं म्हणून बापाचं देणं संपत नाही, आणि पैसे थकले म्हणून भेट अडवता येत नाही. दोन्ही वेगवेगळी कलमं करा.

कागदांची रांग

आदेश हातात आला की नकलेच्या चार प्रती काढा. एक शाळेला द्या, सोबत दोघांच्या सहीचं पत्र: पत्ता आईचा, पण फोन नंबर दोघांचे, प्रगतिपुस्तक दोघांनाही. आमच्या बाबतीत एका शाळेनं दोन वर्षं माझं नाव कोणत्याही यादीत ठेवलं नव्हतं. पत्र गेल्यावर एका आठवड्यात पालकसभेचा निरोप मला आला.

शाळा बदलावी लागली आणि जुन्या शाळेनं दाखला अडवला, तर शिक्षण हक्क कायदा २००९ मधलं कलम ५ दाखवा. सहा ते चौदा वयाच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागायचा हक्क आहे, मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा आहे, आणि दाखला उशिरा आला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही. आईवडिलांच्या भांडणात मुलाचं वर्ष जाऊ नये यासाठी ही तरतूद फार मोलाची आहे.

आधारचा पत्ता आईच्या संमतीनं ऑनलाइन बदलता येतो, त्यात ती कुटुंबप्रमुख म्हणून ओटीपी देते. मुलाची पंधरा वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, त्या फेरीतच पत्ताही तपासून घ्या. पासपोर्टसाठी दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’ लागतं. एकच जण अर्ज करत असेल तर परिशिष्ट ‘सी’, सोबत कोर्टाचा आदेश.

‘डोमिसाइल’ हा शब्द मात्र जपून वापरा. कोर्टाचं राहण्याचं ठिकाण वेगळं आणि कॉलेजप्रवेशाला लागणारा दाखला वेगळा. देशाचा अधिवास एकच आहे, राज्याराज्यांचे वेगळे अधिवास नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८४ च्या डॉ. प्रदीप जैन प्रकरणात सांगितलं. राज्यं जे मागतात तो खरं तर तिथल्या वास्तव्याचा हिशेब असतो, आणि तो प्रत्येक राज्याचा निराळा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य विचारतात. मूल सातवी-आठवीत असतानाच, ते बारावी कुठून करणार आणि कोणत्या राज्याच्या कोट्यात बसणार, हे दोघांनी एकदा बसून बघा. आम्ही बसलो. समग्रमधून त्याचं नाव काढायचं का, यावर बराच वेळ बोललो, आणि काढायचं ठरलं. अर्ज मीच केला.

बदलायची वेळ आली तर

ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. रोझी जेकब प्रकरणात, १९७३ साली, सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की मुलाच्या हितासाठी परिस्थितीप्रमाणे असे आदेश बदलता येतात. मूल मोठं होतं, आईची बदली होते, बापाची तब्येत बिघडते. दोघांचं एकमत असेल तर संयुक्त अर्ज करा. दोन-तीन पेश्यांत काम होतं, आणि तोंडी ठरवून मोकळं होण्यापेक्षा ते चांगलं. तोंडी ठरलेलं भांडणाच्या दिवशी कुणालाच आठवत नाही.

आम्ही दर वर्षी जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या आधी, वेळापत्रक घेऊन फोनवर बसतो. यंदा मुलगाही बसला, तो आता तेरा वर्षांचा आहे. त्यानं एक बदल मागितला. अनंत चतुर्दशीला इंदूरच्या गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे गाड्यांवरचे देखावे, निघतात, गिरण्या बंद पडून इतकी वर्षं झाली तरी त्या मिरवणुकीला रात्रभर सगळं शहर रस्त्यावर असतं. ती रात्र त्याला इकडे हवी आहे, आणि तिच्या बदल्यात उन्हाळ्यातले दोन दिवस आईला द्यायचे आहेत. त्याच्या आईनं हो म्हटलं. वकीलबाईंनी एका पानाचा अर्ज केला आहे, सही दोघांची झाली आहे, आणि पेशी पुढच्या महिन्यात आहे.